त्याला बोलवा, मग सांगा

आबांच्या ओट्यावर कुणाची चहाडी करायची सोय नव्हती. आबा म्हणजे आमच्या माले गावचे जुने पोलीसपाटील. कुणी शेजाऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन आला की ते चष्मा काढून ठेवत आणि म्हणत, "त्याला बोलवा, मग सांगा." तो शेजारी येऊन समोर बसेपर्यंत एक शब्द ऐकून घेत नसत. त्यांच्या घरच्या काकू सुनेबद्दल काही बोलू लागल्या तरी हेच. घरात बोलायची चोरी झालीय, असं काकू म्हणत. सून मात्र आबांच्या चहात साखर जरा सढळ हातानं घालायची.

धनगरवाड्यातला ज्ञानू धरणाकाठच्या रिसॉर्टवर स्वयंपाकी होता. तिथून तो आखातात एका हॉटेलात गेला आणि चोरीच्या आळावरून तिथल्या तुरुंगात जाऊन पडला. वकील नाही, दुभाषी नाही, न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही घेतली, एवढं त्यानं बायकोला फोनवर सांगितलं आणि फोन तुटला. आमच्या गावानं चहा निवायच्या आत निकाल देऊन टाकला: काहीतरी केलंच असणार, उगाच कोण धरतंय?

त्याची बायको सुनंदा आबांकडे आली तेव्हा मी ओट्यावरच होतो. आबांनी विचारलं, "केलं का त्यानं?"

"मला काय ठावं आबा? मी हितं, त्यो तितं."

"खरं बोललीस. मंग आपुन सोडा म्हनायचं न्हाई. त्याला इचारा, एवडंच म्हनायचं."

त्या एवढ्याशा मागणीसाठी म्हाताऱ्यानं पुण्याच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. मी शाळेत मास्तर, अक्षर बरं, म्हणून अर्ज लिहायला बरोबर असे. एका साहेबानं विचारलं, "तुम्ही त्याचे कोण?" आबा म्हणाले, "कुनी न्हाई. नात्यातला आसतो तर तुमी म्हनला आसता, नात्यापायी बोलतोय." साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. साहेब लोक अर्ज ठेवूनच घेतात.

मग आबांनी ताम्हिणीच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीशेजारी, स्वतः रंगवलेली पाटी लावली: 'ज्ञानूला त्याच्या भाषेत बोलू द्या. मग न्याय करा.' शनिवार-रविवारचे पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत आणि कणसं खात पुढे जात.

तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा माणूस गाडीतून आला. "आबा, 'निर्दोष भूमिपुत्राला सोडवा' असं लिहू. मोठा फ्लेक्स देतो." आबांनी नकार दिला. "निर्दोष हाय का न्हाई त्ये कोर्ट ठरवंल. तुमी तितं त्याच्या बाजूनं बोलनारा मानूस द्या." त्या दिवसापासून गावात सुरू झालं की आबा गावच्याच पोराच्या मुळावर उठलेत. हे म्हणणारे तेच, ज्यांनी ज्ञानूला आधी चोर ठरवलं होतं. पुढे पाटी उखडली गेली आणि तिथे पुढाऱ्याचा हात जोडलेला फ्लेक्स लागला.

ज्ञानू सुटला, पण खटल्यानं नाही. तिकडच्या कुठल्याशा सणाला माफी मिळालेल्या कैद्यांत त्याचं नाव निघालं. तो परतला त्या दिवशी गावात डीजे लागला, गुलाल उडाला, पुढाऱ्यानं हार घालून घेतले. संध्याकाळी ज्ञानू आबांच्या पाया पडायला आला.

"तुला इचारलं का रं कुनी?"

"न्हाई आबा. येकदाबी न्हाई. माफ केलं म्हनले."

आबांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "माफी गुन्हेगाराला आसती, लेका. तुजं तर ऐकलंच न्हाई." आबांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी पाहिलं.

त्या वर्षीच्या थंडीत आबा गेले. अंत्ययात्रेला पुढारी आला आणि 'न्यायासाठी झटणारे' वगैरे बोलून गेला. मला त्याचा इतका राग आला की मी उठून नदीकडे निघून गेलो.

परवा धरणाकाठची पाण्याची मोटर चोरीला गेली. देवळात गावकी बसली. मी पोचेपर्यंत ज्ञानूचं नाव पक्कं झालं होतं, कारण काय, तर तिकडं चोरी केलीच होती, म्हणून तर माफी मिळाली. मी म्हटलं, "त्याला बोलवा, मग सांगा."

कुणीतरी हसलं. सरपंच म्हणाले, "आबा गेलं आता, गुर्जी."

परतल्यावर ज्ञानू पुन्हा रिसॉर्टवर लागला होता, तिथून त्याला काढलं. मोटर कुणी नेली ते मला ठाऊक नाही. त्यानं नेली असेल, नसेलही. त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.