इकरारनाम्याचं तिसरं कलम

“हे तिसरं कलम कुणासाठी घातलं, वकीलसाहेब?” देशमुखांनी विचारलं.

“सगळ्यांसाठी,” मी म्हणालो. वकिलाकडे असली उत्तरं तयारच असतात.

आम्ही कळमनुरीत त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. निजामी राजवट होती. टाऊन कमिटीच्या काही जागा निवडणुकीने भरायच्या होत्या आणि देशमुख आमच्या भागातून उभे होते. मी इकरारनामा घेऊन गेलो होतो, म्हणजे लेखी कबुली. उमेदवाराने मतदानाआधी त्यावर सही करायची आणि तो आठवडी बाजारात मोठ्याने वाचायचा. कोर्टाचे कागद तेव्हा उर्दूत चालत. हा मी मुद्दाम मराठीत लिहिला होता.

कलमं तीनच. कमिटीचं काम मेंबरच्या घरी चालणार नाही. नातेवाइकाच्या ठेक्याचा विषय निघाला की मेंबर उठून बाहेर जाईल. आणि तिसरं, दुसऱ्याच्या कामासाठी मेंबरला भेटणाऱ्याने आपण कुणातर्फे आलो ते सांगायचं; ते कमिटीच्या दप्तरात लिहिलं जाईल.

कल्पना माझी नव्हती, चांदबीची होती. ती घरोघर बांगड्या भरायची. कुणाकडे कोण जेवून गेलं, हे तिला बरोबर ठाऊक असायचं. तिच्या विणकर गल्लीत विहीर मंजूर झाली होती, जागाही आखली होती. मग ती विहीर एका ठेकेदाराच्या लाकडाच्या वखारीजवळ सरकली. बाया पुन्हा ओढ्यावर जाऊ लागल्या. चांदबीची सून भरली घागर घेऊन चढावर पडली, हात मोडला.

“कोनीतरी मेंबरांच्या कानावर घातलं,” ती मला म्हणाली होती. “निवडून आल्यावर कोन इचारतंय? आता मतं मागून राहिलेत, तवरच लिहून घ्या वकीलसाब.”

मी लिहून दिलं. फी घेतली नाही आणि त्याचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

दुसरे उमेदवार, अडतदार इब्राहिमशेठ, यांनी कागद न वाचताच सही केली होती. मी खूश झालो होतो. देशमुखांनी मात्र तो दोनदा वाचला. चांदबी खाली पायरीवर बसून ऐकत होती.

“शेठनं केली असंल सही,” देशमुख म्हणाले. “माझ्या आधी तुमची पायजे.”

“माझी कशाला? मी उमेदवार नाही.”

“मागल्या खेपेला मी मेंबर होतो. ह्याच ओसरीवर बसून विहिरीचं कोन बोललं? वखारीजवळ रस्ता हाय, सगळ्या गावाची सोय व्हईल, असं तुमीच बोलले ना? आमी ऐकलं, आमचं चुकलं. पन ठेकेदाराकडून आलो, हे तुमी तवा सांगितलं न्हाई.”

खरं होतं. ठेकेदार माझा सगळ्यात मोठा पक्षकार. आमच्या धंद्यात याला ‘कानावर घालणं’ म्हणत. मेंबरच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, पीकपाण्याचं बोलायचं आणि निघता निघता विषय काढायचा. मोठ्या शहरांत आता याला लॉबिंग म्हणतात. आम्ही सगळेच वकील ते करायचो आणि घरी येऊन शांत झोपायचो. चांदबी गाऱ्हाणं सांगत होती तेव्हाही मला ते आठवलं होतं. पण ते पक्षकाराचं काम, हे गावाचं, असं म्हणून मी ते बाजूला सारलं होतं.

चांदबीने मान वर केली. “ते तुमी होते?”

“हो,” मी म्हणालो.

ती आता बोलेल, शिव्या देईल, असं वाटलं.  ती म्हणाली, “आमाला काय ठाऊक! न्हाईतर तवाच तुमच्याकडं आलो असतो. आमचं बी कानावर घातलं असतं का तुमी?”

तिने खरंच विचारलं होतं. मला इतकी शरम आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली नाही. कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते ‘नाही’ असं होतं.

मी सही केली. मग देशमुखांनी केली. बाजाराच्या दिवशी इकरारनामा वाचून झाल्यावर मी विहिरीची हकीगत माझ्या नावासकट सांगितली. ठेकेदार समोरच उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याने आपले सगळे कागद परत नेले.

देशमुख निवडून आले. इब्राहिमशेठ पडले. विहिरीचा विषय कचेरीत, सगळ्यांसमोर पुन्हा निघाला आणि पुढच्या उन्हाळ्याआधी विणकर गल्लीत पाणी लागलं. चांदबीने मला निरोप धाडला नाही, आभारही मानले नाहीत. ते योग्यच होतं.

कमिटीच्या दप्तरात तिसऱ्या कलमाखाली पहिलं नाव माझं पडलं, विहिरीसाठी ठेकेदारातर्फे गेलो होतो म्हणून. मी कळमनुरी सोडेपर्यंत तिथे दुसरं पडलं नव्हतं. मेंबरांच्या घरचा चहा बंद झाला असेल, असं काही मला वाटत नाही. तेव्हापासून मात्र कुठलाही नियम लिहिला की मी तो आधी स्वतःला आरोपी धरून वाचतो. बहुतेक वेळा कागद फाडून पुन्हा लिहावा लागतो.