आमचं सोडून सगळ्यांचं वायफाय

दादाने अमेरिकेहून पाठवलेला तो लॅपटॉप मी एकदा आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या घराच्या बाल्कनीतून खाली फेकणार होतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. स्वतःच्या जुन्या लॅपटॉपमधलं विंडोज काढून, त्यात लिनक्स घालून, त्याने तो इकडे येणाऱ्या एका मित्राबरोबर पाठवून दिला. "व्हायरसची कटकट नाही, बिघडतच नाही," असं वर ऐकवलं. बिघडलाच तर निस्तरायचं कुणी, ते मात्र सांगितलं नाही.

लॅपटॉप बाबांसाठी होता. आई गेल्यावर ते पुण्याचं घर बंद करून आमच्याकडे आले, तोवर त्यांचे कान जवळजवळ गेलेच होते. यंत्र लावलं की नुसता गोंगाट ऐकू यायचा, त्यामुळे ते कपाटात पडून असायचं आणि तेव्हाच्या नुसत्या आवाजाच्या फोनचा तर काहीच उपयोग नव्हता. समोरच्याचे ओठ दिसले की मात्र त्यांना सगळं कळायचं. म्हणून रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते जेवणाच्या टेबलाशी बसायचे. पडद्यावर दादाचा चेहरा आला की त्यांचा आठवडा सत्कारणी लागायचा.

एका रविवारी त्या लॅपटॉपवरून आमचं वायफाय गायब झालं. बायकोच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ते सुरळीत चालू होतं. पण त्याला ना कॅमेरा, ना त्यात काही नवीन घालायची परवानगी. दादाच्या लॅपटॉपवर सोसायटीतली झाडून सगळी नेटवर्कं दिसत होती. वरच्या मजल्याचं, समोरच्या ब्लॉकचं, एकाने तर कुत्र्याचं नाव दिलेलं. दिसत नव्हतं ते फक्त आमचं, आणि आमचा राउटर तर हाताच्या अंतरावर हिरवे दिवे मिचकावत बसला होता. वायरीने जोडावं म्हटलं, तर ती खाच दादाकडेच मोडलेली.

इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्याने माझ्या पडद्याकडे चोरट्या मालाकडे बघावं तसं बघितलं. "सर, मैडम ने स्लो बोला था तो मैं ही चैनल बदलकर गया था. अब स्पीड बढ़िया है. हमारी तरफ से बिल्कुल ओके. आप इसमें विंडोज डलवा लो."

"यार, टाक ना एकदाचं विंडोज," बायकोही म्हणाली.

पण दिवसभर गुडगावला बसून दुसऱ्यांची सर्व्हरं सांभाळणाऱ्या माझ्या अब्रूचा आता प्रश्न होता. ऑफिसातून लिनक्सवाल्यांच्या चर्चा छापून आणल्या. एक म्हणे ड्रायव्हर काढा, दुसरा म्हणे तोच पुन्हा घाला. एका सद्गृहस्थाची तर हुबेहूब माझीच तक्रार होती, आणि खाली त्यानेच लिहिलं होतं, "झालं एकदाचं, सगळ्यांचे आभार." कसं झालं, ते लिहायचे कष्ट त्याने घेतले नव्हते. त्या माणसाचा मी आजही मनापासून द्वेष करतो.

असे किती रविवार गेले कोण जाणे. बाबा दर वेळी तयार होऊन टेबलाशी माझ्यासमोर बसायचे. विचारायचे काही नाहीत, आणि त्याने मी जास्तच चिडायचो. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करत मी तोंडातल्या तोंडात दादाचा उद्धार करत राहायचो. "वस्तू पाठवली की कर्तव्य संपलं. स्वतः यायला नको. याच्या लॅपटॉपला पण आपलं घर सोडून सगळ्यांची घरं दिसतात."

शेवटी एका परदेशी माणसाच्या उत्तरात सापडलं. वायफायची शेवटची एक-दोन चॅनलं अमेरिकेत वापरत नाहीत. इंटरनेटवाल्याने आमचा राउटर नेमका तसल्या चॅनलवर नेऊन ठेवला होता, आणि दादाचा लॅपटॉप अजून स्वतःला अमेरिकेतच समजत होता. तिकडे नसलेल्या जागी बघायचं तरी कशाला, असा त्याचा हिशोब. मी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये देश बदलून भारत लिहिला. आमचं नाव यादीत सगळ्यात वर आलं, आणि मला आनंद होण्याऐवजी रडूच यायला लागलं.

दादाचा चेहरा आला. "काय बाबा, लॅपटॉप मस्त चालतोय ना?" त्याने विचारलं.

बाबा नेहमीसारखे हसले नाहीत. "लॅपटॉप चांगला आहे," ते म्हणाले. "पण आता वस्तू पाठवू नकोस. तू ये."

मग बाबांनी लॅपटॉपवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"असंच म्हणत होतास ना तू, दर रविवारी?"

इतके रविवार ते माझ्यासमोरच बसले होते.