वायर माझ्या हातात होती
न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहावं की नाही, यावर बरेच दिवस घालवले. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. धम्म घेतला तेव्हा आजोबांनी घरातले देव गोदावरीत सोडले. मी परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, फिजिक्स घेऊन. घराण्यात कॉलेजात गेलेला पहिलाच. तरीही... जे पाहिलं ते लिहितो.

मानवतजवळच्या आमच्या गावात वडील एका बागायतदाराची जुनी डिझेल मोटारगाडी चालवतात. अकरा वर्षं झाली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. आदल्या दिवशी वडिलांनी डिझेल भरून आणलं होतं, आणि सकाळी चावी फिरवली तर काटा शून्यावर! मालकांनी भर अंगणात, गड्यांसमोर विचारलं,

“किसन, डिझेल कुणाला इकलंस?”

“न्हाई मालक. पाऊण टाकी हाय. काटा बिघडलाय.”

“काटा बिघडलाय का नियत?”

मला राहवलं नाही. डिकी उघडली. टाकीत डिझेलवर तरंगून काट्याला पातळी सांगणारा फ्लोट असतो, त्याची वायर काढली. वायर बॉडीला टेकवली — काटा फुलवर. दूर धरली — शून्य.

“मालक, काटा चांगला आहे, वायर चांगली आहे. आतला फ्लोट बुडालाय. टाकी उघडू द्या, दाखवतो.”

मालक हसले. “पोरगं मोर्च्यात विद्यापीठाचं नामांतर मागतंय, अन् हितं मला मोटार शिकवायलंय! टाकीला हात लावायचा न्हाई.”

भरायची नळी वाकडी, काठी घालून बघायचीही सोय नव्हती. मालकांनी चावी काढून खिशात टाकली.

“किसन, मारुतीम्होरं बेलभंडारा उचल. मग मानतो चोर न्हाईस.”

ज्या देवळाची पायरी आम्हाला कधी चढू दिली नाही, तिथली शपथ!

वडील हळू म्हणाले, “आमी ते उचलत न्हाई, मालक. माझी जबान हाय.”

“तुझ्या जबानीला कोन इचारतंय?”

तेवढ्यात मोटारीच्या खिडकीपाशी उभा असलेला गडी ओरडला, “मालक, काटा!”

वायर धरूनच मी बाजूच्या काचेतून डोकावलो. काटा वर सरकत होता. सावकाश... पाऊणवर येऊन थांबला. चावी मालकांच्या खिशात, म्हणजे काट्याला वीजच नाही. वायर माझ्या हातात, कशालाही न टेकलेली. मी दोनदा हाताकडे पाहिलं.

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी नारळ मागवला, मोटारीपुढे फोडला, बॉनेटला हात जोडले. वडिलांकडे पाहिलंसुद्धा नाही. आत जाताना फक्त म्हणाले, “उद्या सातला ये. गंगाखेडला जायचंय.”

दुपारी मानवतच्या मेकॅनिकने टाकी उघडली. डिझेल पाऊण टाकी होतं. फ्लोटला भोक पडून तो तळाला गेला होता. म्हणजे माझं निदान बरोबर निघालं. पण ते कुणाला ऐकायचंच नव्हतं. वडील दुसऱ्या दिवशी सातला गेले.

कॉलेजात सरांना विचारलं. म्हणाले, कुठेतरी शॉर्ट झालं असेल. मग नेमका पाऊणवरच का थांबला?

काटा कसा हलला, मला अजून माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहावं. वडिलांची माफी का मागितली गेली नाही, ते मात्र कुणी समजावू नये. ते मला माहीत आहे.