कॅप्टनसाहेबांची चूक

कुठल्याही पुलावरून पलीकडे जाण्याआधी कॅप्टनसाहेब खाली उतरून तो पोटाकडून बघत. मग तो हमरस्त्यावरचा असो, नाहीतर ओढ्यावर टाकलेले दोन ओंडके असोत. वेल्ह्याच्या बाजाराला आमच्याबरोबर पायी निघाले की वाटेतल्या प्रत्येक मोरीपाशी सगळ्यांचा खोळंबा. कोणीतरी हमखास विचारायचं, "सायेब, खाली हंडा पुरलाय का वो?" साहेब गुडघे झटकत वर येत आणि म्हणत, "अहो, वरून सगळेच पूल चांगले दिसतात."

उतारवयात ते आमच्या वाडीत येऊन राहिले. खरं तर मेजर होऊन निवृत्त झालेले, पण वाडीला कॅप्टन हा एकच हुद्दा ठाऊक, त्याला काय करणार! जन्म रंगूनचा, घरची भाषा तमिळ, मराठी पुण्यात पुस्तकं वाचून शिकलेली. त्यामुळे वाटेत आडव्या आलेल्या म्हशीलाही ते "अहो, जरा सरकता का?" असं म्हणत. महायुद्धात रंगूनवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा आई त्यांना घेऊन जंगलातून चालत इकडे आली. "मी पहिला पूल नीट पाहिला तो वाहून जाताना," असं ते सांगत. त्यावर कोण होतं, हे मी एकदाच विचारलं. साहेब चहा ढवळू लागले.

पुण्यात ते आर्किटेक्ट झाले, लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढू लागले. चीनची लढाई झाली आणि चांगला जम बसलेलं काम सोडून फौजेत गेले. एकाहत्तरच्या लढाईत नद्यांवर पूल टाकले. पूल उभा राहिला की पहिली गाडी पलीकडे जाईपर्यंत आपण स्वतः खाली उभं राहायचं, अशी रीत त्यांनी घालून घेतली होती. "पडला तर आधी माझ्यावर पडावा. मग माणूस नट नीट आवळतो," म्हणत.

मी तेव्हा वाडीच्या शाळेत शिक्षिका होते. माझं माहेर शिवऱ्याचं, हमरस्त्यावरचं. ओढ्याला पूर आला म्हणून शाळा बंद, हे मला लग्न होऊन इथं आल्यावरच कळलं. पलीकडच्या वस्तीतली वीसेक मुलं पावसाळाभर घरी बसत. साहेबांनी हे ऐकलं आणि ओढ्यावर साकव बांधायचं मनावर घेतलं. साकव म्हणजे माणसांपुरता छोटा पूल. दगड वाडीचे, हात वाडीचे, नकाशा साहेबांचा.

पूल किती उंच हवा हे ठरवायला त्यांची एक पद्धत होती. "मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते बायकांना विचारा. ओढ्यावर धुणं त्यांनी धुतलंय." पण साहेब समोर बसले की म्हाताऱ्या पदर ओढून "आमास्नी काय ठावं" म्हणायच्या. म्हणून त्यांनी वही देऊन मला पाठवलं. हौसाआजी अंथरुणाला खिळलेली, पण आवाज खणखणीत. म्हणाली, "पानी उंबराच्या बेचक्यात बसलं व्हतं बग. म्या माज्या डोळ्यांनी पायलं." दुसऱ्या दोघींनीही तेच सांगितलं. मी तसंच लिहून घेतलं.

जेवताना मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं, "काय लिवलंस?" मी सांगितलं. भात कालवत ते म्हणाले, "उंबरापतुर लिवलंस तर साकव वर जाईल, भराव लांबंल, आन् आपली दोन भातखाचरं त्येच्याखाली जातील. काळ्या खडकापतुर लिव. म्हातारीच्या आटवनीचा काय भरवसा?"

मी पान फाडलं आणि दुसरं लिहिलं. कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. घरात वाईटपणा नको, एवढंच माझं कारण. उंबर त्या खडकाच्या वर चांगला पुरुषभर होता.

साहेबांनी काळ्या खडकावर गेरूची खूण केली. तिथं उभे राहून मला विचारलं, "बाई, या उंचीवर तुमची मुलं चालवू ना?" मी हो म्हणाले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सोपा शब्द. बाकीच्यांनी खूण पाहिली, पण "सायबानं काडली म्हंजी बरुबरच आसंल" म्हणून कोणी ब्र काढला नाही. साकव झाला तेव्हा ढोल-लेझीम लावून वाडी पलीकडे गेली, आणि साहेब पाण्यात पाय रोवून खाली उभे होते.

दुसऱ्याच पावसाळ्यात भराव वाहून गेला आणि साकवाचं एक टोक ओढ्यात बसलं. वर कोणी नव्हतं, ही देवाची कृपा. पण मुलं पुन्हा घरी बसली. त्यातली शेवंता, चौथीतली हुशार पोर, बसली ती बसलीच. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिचं लग्नच झालं.

ग्रामसभेत लोक नको ते बोलले. "भायेरचा मानूस, त्येला हितलं पानी काय कळनार?" हे वाक्य मामंजींचं. साहेब उठले. "खूण मी केली. नकाशावर सही माझी. चूक माझी आहे," म्हणाले आणि खाली बसले. मी बायकांत बसले होते. अंगठ्यानं जमीन उकरत होते.

चार दिवसांनी ते शाळेत आले. वही माझ्या टेबलावर ठेवली. "हौसाआजींना भेटून आलो," म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "ही तुमच्याजवळ असू द्या. माझ्या कागदांत उद्या कोणाला सापडायला नको. तुम्हाला इथंच राहायचंय, बाई. मला काय, निघायची सवय आहे."

त्याच महिन्यात ते पुण्याला परत गेले. टेम्पोत सामान होतं तरी किती! मी वही चुलीत घातली.

पुढं सरकारी पूल झाला, चांगला उंच. त्याच्या भरावात आमची दोन्ही खाचरं गेली. मामंजीही गेले. गेल्या वर्षी साहेब वारल्याचं कळलं तेव्हा वाडीनं शोकसभा घेतली. सगळे भरभरून बोलले. सरपंच म्हणाले, "देवमानूस! येक साकव तेवढा चुकला त्येंचा, पन चुकतं मानूस." लोकांनी मोठ्या मनानं माना डोलावल्या. मग सरपंच माझ्याकडे वळले, "बाई, तुमी बोला. तुमी लई जवळून बगितलंय त्येंना." मी डोळ्यांना पदर लावला. मला रडू आवरेना असं वाटून त्यांनी माझ्यावरचा आग्रह सोडला.

हे आता लिहिलंय ते येत्या ग्रामसभेत वाचणार आहे. पण यात धैर्य म्हणावं असं काही नाही. ज्यांची भीती होती ते गेले, जमीन गेली, आणि ज्यांचं नाव धुऊन निघायचं तेही गेले. आता खरं बोलून माझं काहीच जात नाही. म्हणूनच तर माझ्याच्यानं बोलवतंय.