बाळारामचं गाऱ्हाणं

सौदीत रास तनुराच्या आमच्या कॅम्पात देवाला मोठ्या आवाजात हाक मारणारा एकच माणूस होता, बाळाराम. रिफायनरीत पाइप फिटर, मालवणकडचा, पन्नाशीचा गडी. सकाळी उठून हा बोलायला लागला की शेजारच्या खोलीतले भिंत बडवायचे. मी कराडचा वेल्डर. तो मला 'घाट्या' म्हणायचा, मी त्याला शिव्या घालायचो. आमचं बरं चाललेलं.

त्याच्या गावात शिमग्याची पालखी निघायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. मानकऱ्यानं देवापुढं उभं राहून एकेक मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्या गावानं "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. तो मान बाळारामच्या घराचा. वडील गेल्यावर त्याच्याकडं आला. बायको-पोरं कॉलेजपायी पनवेलला, आई पारूआक्का गावात एकटी, पण शिमग्याला हा जायचाच. इथं त्याला इकाम्याच्या, म्हणजे राहायच्या परवान्याच्या, नंबरानं ओळखायचे, अन् तिथं तो बोलल्याशिवाय पालखी हलायची नाही. माणसाला तेवढं पुरतं हो!

गेल्या साली नेमकं शिमग्यात शटडाऊनचं, म्हणजे रिफायनरी बंद ठेवून दुरुस्तीचं, काम निघालं. सगळ्यांच्या सुट्ट्या खलास. गावाहून त्याचा चुलतभाऊ पंकज म्हणाला, "फोनवर गाऱ्हाणा घाल आणि पाठव. स्पीकरवर लावतंय."

बाळाराम भडकला. देव काय रेडिओ ऐकायला बसलाय का, म्हणाला. पण शेवटी अंघोळ करून कपाटातल्या देवाच्या फोटोपुढं उभा राहिला. "गुराढोरांक सुखी ठेव रे म्हाराजा," असं म्हणायचा आणि गावाच्या जबाबाला जागा सोडून गप्प राहायचा. "माझ्या आवशीक बरी ठेव रे म्हाराजा," असं आईसाठी मागताना त्याचा आवाज फुटला.

नंतर व्हिडिओ आला. देवापुढं प्लास्टिकच्या खुर्चीवर स्पीकरचा डबा, त्याला झेंडूचा हार, आणि सगळं गाव त्या डब्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतंय. आम्ही पोट धरधरून हसलो. बाळाराम हसला नाही.

श्रावणात पारूआक्का गेली. सौदीतून बाहेर पडायच्या व्हिसासाठी कंपनीच्या ऑफिसात गेलं की "बुकरा, बुकरा", म्हणजे उद्या. त्यांचा तो उद्या उजाडेपर्यंत तिकडं बारावं उरकलं. मेल्यांनो, आई काय वाट बघत बसते का! बाळाराम भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. मी चहा करून द्यायचो.

"आता शिमग्याक जातंय," तो म्हणायचा. "देवापुढे उभो रवलंय की जरा बरा वाटात."

यंदा सुट्टी मंजूर झाली. माणूस दिवसभर शीळ घालत होता. संध्याकाळी माझ्यासमोरच त्यानं पंकजला फोन लावला.

"येतंय रे! यंदा गाऱ्हाणा मीच घालतलंय."

"कित्याक उगाच खर्च?" पंकज म्हणाला. "गेल्या वर्साचा रेकॉर्डिंग आसा मरे आपल्याकडे. झक्कास वाजता. लोकांकाय आवाडला."

"अरे, त्यात आवशीसाठी मागणा आसा. ती गेली मा!"

"ता मी कालच कापलंय. पाठवतंय, ऐक."

क्लिप आली. आम्ही दोघांनी ऐकली. गुराढोरांचं मागणं झालं, मधे थोडी शांतता, आणि लगेच गावातल्या पोराबाळांचं. बाळारामनं पुन्हा लावली. फोन अगदी कानाला चिकटवून पुन्हा लावली. मला पंकजचा असा संताप आला की समोर असता तर कानफटात दिली असती. पण त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? उलट त्यानं काळजीनंच केलं होतं.

बाळारामनं फोन खाली ठेवला.

"आवशीक काढल्यान," तो म्हणाला, "आणि खयसून काढल्यान ता कळनासुद्धा नाय रे."

मग तो रडायला लागला. आई गेली तेव्हाही माझ्यादेखत रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यानं सुट्टी रद्द करून घेतली. "माझ्याशिवाय हलता रे पालखी," म्हणाला.