मॅडम म्हणाल्या

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक बाई राहायला आली. तिने उंबरठा ओलांडला तो पुष्कळ नंतर, पण माझ्या मुलाच्या जिभेवर ती त्याआधीच येऊन बसली होती. मॅडम म्हणाल्या, अकरावी सोडायची नाही. मॅडम म्हणाल्या, गाडीवर हेल्मेट पाहिजे. मॅडम म्हणाल्या, रोज एक अंडं खा. अंडं खा, हे मी त्याला तो चालायला लागल्यापासून सांगत होते. तेव्हा त्याला अंड्याचा वास यायचा.

मॅडम म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या चौकीतली पोलीस. किहीमला गर्दी मावेनाशी झाली तसे पाहुणे आमच्या गावातही येऊ लागले. नारळाच्या वाड्यांतून राहायच्या खोल्या झाल्या, आणि मागोमाग शनिवार-रविवारच्या बंदोबस्तासाठी पत्र्याची चौकी आली. मी अशाच एका वाडीत पाहुण्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या करते. चौकीतल्या पोलिसांचं जेवणही तिथूनच जातं. माझं तोंड चुलीकडे आणि पाठ माणसांकडे असते, मला ते बरं वाटतं. कुणी काही विचारलं तर मी चुलीकडे बघूनच उत्तर देते. मालकीणबाई म्हणतात, तू आमच्याशी बोलतेस की विस्तवाशी?

एका रविवारी भाकऱ्यांची टोपली घेऊन मी चौकीकडे चालले होते. माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र एकाच गाडीवरून वाळूत उतरले. गावातली पोरं अशीच उतरतात, त्यांचे बापही तशाच बैलगाड्या उतरवायचे. मोठे हवालदार आडवे आले. वयाने माझ्या नवऱ्याएवढे, पोट सुटलेले, माझ्या हातच्या भाकऱ्या आवडीने खाणारे.

"गाडी बंद कर. उतर खाली."

"आम्ही हितलेच हाव, साहेब."

"मी विचारलं का तू कुठला? खिशातनं हात काढ आधी."

मुलाने हात काढला, पण तोंड बंद केलं नाही. पाण्याच्या कडेने पाहुण्यांना फिरवणाऱ्या चार चाकांच्या गाड्या चालल्या होत्या. त्याने तिकडे बोट केलं. "त्या चालतात व्हय? त्यांना काय बोलत न्हाय, न् आमचीच—"

हवालदारांचा हात त्याच्या कानाखाली बसला. परातीत भाकरी थापताना येतो तसा आवाज झाला. मुलगा वाकडा होऊन वाळूत बसला. मित्र पळाले. पाहुण्यांपैकी एक बाई "अरे, अरे" म्हणाली आणि तिच्या नवऱ्याने तिला पुढे नेलं. मी टोपली घेऊन उभी होते. मुलाने मला पाहिलं. मग तो उठला, गाडी ढकलत घरी गेला, आणि मी भाकऱ्या चौकीत देऊन आले.

माझा नवरा उरणला कंटेनरच्या यार्डात पहारेकरी आहे, पंधरा दिवसांनी घरी येतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "उद्या पोराला घेऊन जा, साहेबांच्या पाया पडायला लाव. कागद झाला तर उद्या नोकरीला नडेल." मला पटलं. आमच्याकडे असंच मिटवतात. मोठ्या माणसाच्या पाया पडलं की तो पाठीवर हात ठेवतो, मग मनात काही ठेवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. हवालदार बशीतून चहा पीत होते. टेबलाशी एक नवीन बाई पोलीस होती, तिशीच्या आतली, माणगावकडून बदली होऊन आलेली. मी मुलाला म्हटलं, पाया पड. तो ताठ उभा राहिला. मी मागून त्याची मान दाबली.

"थांबा मावशी," ती बाई म्हणाली. "इथे कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही. बस रे दादा. घे ती खुर्ची."

चौकीत ती एकच रिकामी खुर्ची होती. माझा मुलगा तिच्यावर बसला. मी उभीच.

हवालदार हसले. "आज खुर्ची देताय मॅडम, उद्या डोक्यावर बसतील."

"बसू देत. डोकं माझं आहे," ती म्हणाली. मग मुलाकडे वळून, आवाज न चढवता तिने सांगितलं, "वाळूत गाडी घातलीस हे चूकच. तिथे लहान पोरं खेळत असतात. एखाद्याच्या पायावरून गेली असती तर काय केलं असतंस? आणि काल त्या चार चाकांचं म्हणत होतास म्हणे, त्यांच्याकडेही मी बघणार आहे. कळलं?"

"हो मॅडम."

नववीत गेल्यापासून त्याने मला कशालाही 'हो' म्हटलं नव्हतं. 'हूं' म्हणायचा, नाहीतर 'बघू'. आणि 'दादा'? तो लहान असताना मीच त्याला दादा म्हणायची. पुढे दुसरं मूल झालंच नाही, तर दादा कुणाचा म्हणायचं, म्हणून ते सुटलं. ते तिने खाली पडलेल्या फुलासारखं उचललं आणि स्वतःच्या केसांत माळलं, असं मला वाटलं.

त्यानंतर तो रविवारी चौकीवर जाऊ लागला. भरतीच्या वेळी पाहुणे खोल जातात, त्यांना शिट्टी मारून मागे बोलवायचं काम तिने गावातल्या पोरांना दिलं. वाळूत गाड्या घालणारी हीच पोरं आता दुसऱ्यांच्या गाड्या अडवू लागली. गावात लोक म्हणायचे, मॅडमनी जादू केली. हे मला कुणी सांगितलं की मी लाकूड चुलीत जोरात सारायची.

कारण घरी तो माझ्याकडे वळूनही बघत नव्हता. तो दाराकडे तोंड करून जेवायला बसतो, मी बाजूला चुलीपाशी असते. मी म्हणायची, भात वाढू? उत्तर नाही. कॉलेजची फी कधी भरायची? उत्तर नाही. मी दुसऱ्यांदा विचारत नसे. मी समजून चुकले की मान दाबली त्याचा राग आहे. हवालदारावरचा राग दोन दिवसांत गेला, माझ्यावरचा राहिला. नवरा म्हणाला, "वयात आलाय, त्याचं काय मनावर घेतेस." पण बाहेर तो बहिरा नव्हता ना. एकदा मी वाडीच्या कुंपणातून पाहिलं. ती समोर उभी राहून त्याला काही सांगत होती आणि हा तिच्या तोंडाकडे असा बघत होता, जसं एकही अक्षर वाळूत पडू द्यायचं नाही.

मला तिच्या वर्दीचा हेवा वाटला नाही, पगाराचाही नाही. आवाजाचा वाटला. तिचा आवाज बोलला की पोचायचा. माझा चुलीत जायचा.

मी काय करावं? चौकीच्या भाकऱ्यांत तिची भाकरी मी तव्यावर जरा जास्त वेळ ठेवू लागले. कडा काळ्या व्हायच्या. तीच वरती ठेवायची आणि टोपली नेणाऱ्या पोराला सांगायची, ही मॅडमची. चार-पाच वेळा असं झालं. मग एक दिवस मुलगा घरी येऊन म्हणाला, "मॅडम म्हणाल्या, मावशींच्या भाकरीला काय खरपूस चव असते, आमच्या माणगावला अशी मिळत नाही." त्या दिवशी मी स्वतःच जेवले नाही.

गणपतीच्या दिवसांत ती आमच्या घरी आली. दुपारची वेळ, वर्दीतच. बूट पायरीखाली काढले, देवाला हात जोडले आणि ओटीवर बसली. मी चहा दिला. चांगला कप शोधून दिला, तोही माझ्याच रागावर राग काढायला.

"मावशी," ती म्हणाली, "ह्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, तुम्हाला माहीत आहे ना?"

"कुणाला?"

मुलगा दारात उभा होता. तो भडकला. "मॅडम, तुम्ही सांगणार न्हाय म्हणाल्या होत्या."

"मी म्हणाले होते की तू सांग. तू सांगितलं नाहीस." मग मला म्हणाली, "डावीकडून शिट्टी मारली तर वळत नाही. मी विचारलं तेव्हा बोलला. मार बसला त्या दिवसापासून कानात गुणगुण आहे. आंघोळ केली की दुखतो, मधूनच पाणी येतं. डॉक्टरला दाखवायला हवं."

तो जेवायला बसतो तेव्हा चूल त्याच्या डाव्या हाताला येते. मी उठून बघायला नको होतं, पण उठून बघितलं. पाट तिथेच होता, चूल तिथेच होती.

माझ्या मनात आधी काय आलं ते सांगते. कानाचं नाही आलं. हिला आधी कळलं, हे आलं. मी त्याला अंगावर पाजलं, गोवरात मांडीवर घेऊन बसले, आणि त्याच्या कानातलं पाणी हिला माहीत. मग कानाचं आलं.

"मला का न्हाय सांगितलंस?" मी विचारलं.

"तू म्हणाली असतीस, गप बस, कुठं बोलू नको."

मी तेच म्हणाले असते.

ती निघाली. घरी आलेल्या सवाष्णीला सणासुदीचं कुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत, म्हणून करंडा आणला. तिने टोपी काढून काखेत धरली आणि कपाळ पुढे केलं. कपाळावर टोपीचा लाल वळ होता, दिवसभराच्या घामाने ओला. त्या वळाच्या खाली मी बोट टेकवलं. पोरगीच होती ती. तिच्यावर धड रागावताही येईना, ह्याचाही राग आला.

अलिबागच्या दवाखान्यात केसपेपर कुठे काढायचा, कुठल्या खोलीत जायचं, मला काही माहीत नव्हतं. तिला त्या दिवशी तिकडेच काम होतं. ती म्हणाली, येते मी. नको म्हणायला माझी जीभ उचलली होती, पण नको म्हणून जाणार कुठे? विक्रम रिक्षेत मुलगा मधे बसला, ती उजवीकडे, मी डावीकडे. सबंध रस्ताभर ती दोघं बोलत होती. मी बाहेरची शेतं बघत होते. नवऱ्याने फोनवर बजावलं होतं, पडला म्हणून सांग. पोलिसांशी वैर घेऊन आपण कुठे जाणार? मी वाटेत ते मनात घोकत होते. दगडावरून पडला. दगडावरून पडला.

डॉक्टरांनी कानात बॅटरी धरून पुष्कळ वेळ पाहिलं. "पडद्याला भोक आहे," ते म्हणाले. "जुनं आहे. एवढे दिवस काय करत होतात? कशाने झालं? पाण्यात सूर मारलास? पडलास?"

मुलगा आपल्या चपलांकडे बघत राहिला. हवालदाराचं नाव सांगायचं तर हवालदाराचंच माणूस शेजारी उभं. मी तोंड उघडणार होते, पडला म्हणायला. तेवढ्यात माझ्या बाजूला तिने श्वास घेतला. चौकीत 'थांबा मावशी' म्हणायच्या आधी असाच घेतला होता.

मला सगळं दिसलं. आता ही बोलणार. स्वतःच्या माणसाविरुद्ध बोलणार, आणि माझा मुलगा मान वर करून हिच्याकडे त्या दिवशी खुर्चीवरून बघितलं तसं बघणार, आणि जन्मभर घरात सांगत राहणार, मॅडम म्हणाल्या. खुर्ची हिने दिली, दादा हिने म्हटलं, कान हिला कळला. एवढं एक तरी मी तिला देणार नव्हते.

"मारलं," मी म्हणाले.

आवाज एवढा मोठा निघाला की बाकावरची माणसं दारातून डोकावली.

"पोलिसाने मारलं. किनाऱ्यावर. कानाखाली. मी तिथंच व्हते, मी बघितलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्या वर्दीकडे.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "त्या सांगतात तसंच लिहा."

त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. आमच्याकडे माणसं चौकशीला आली आणि मी तेच पुन्हा सांगितलं, ह्या वेळी हळू. हवालदारांची बदली झाली. चौकीने भाकऱ्या दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. मालकीणबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. नवरा अजून म्हणतो, तुला काय गरज होती? मुलाच्या कानाचं ऑपरेशन करायचं आहे, थोडं परत ऐकू येईल असं सांगितलंय. मी आता उठून समोर जाते आणि विचारते, भात वाढू? तो म्हणतो, ओरडतेस काय, हितंच तर हाय मी.

पण त्या दिवशीचं परत येतानाचं सांगायचं राहिलं. विक्रम आली तशी मी सगळ्यांच्या आधी आत शिरले आणि उजव्या बाजूला बसले. मुलगा मधे. तिला डावीकडे बसावं लागलं. तिला कळलं. ती गालात हसली, तेही मला आवडलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, केवढ्यानं बोललीस."

"ऐकू आलं ना?"

"अख्ख्या दवाखान्याला आलं."

त्याच्या पलीकडून, त्याच्या डाव्या बाजूने, ती त्याला काहीतरी म्हणाली. गाडीच्या आवाजात त्याला ते लागलं नाही. मला लागलं. ती म्हणाली होती, "दादा, तुझी आई धीराची आहे हो."

त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणाल्या?"

सांगायला माझे ओठ हलले. पण सुरुवातच 'मॅडम म्हणाल्या' अशी करावी लागली असती.

"काय न्हाय," मी म्हटलं.