माघारी पाठवायचा आवाज

रविवार, ११ मे १९७५. कोंढाळीच्या बाजूचं जंगल. हजर: मी, भूगोलाचे सर, चित्रकलेच्या बाई आणि मामा. सोबत पाणी, पुऱ्या, कांदे, सरांची दुर्बीण.

मामा आमच्या नागपूरच्या शाळेतले चपराशी. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे मामा म्हणतात आणि ज्याचं खरं नाव फक्त सहीच्या वेळी आठवतं. आमच्या रविवारच्या जंगलफेरीत तेंदूच्या झाडाजवळून जाताना ते एक पान तोडायचे, बाहीला पुसायचे, ओठांपर्यंत न्यायचे आणि टाकून द्यायचे. दर वेळी.

"विडी सोडली वाटतं, मामा?" मी विचारलं.

"जुनी खोड हाये, बाई."

शाळेत येण्याआधी ते एका शिकार कंपनीत होते. ओठांत पान धरून चितळाच्या पाडसासारखं रडायचं, हे त्यांचं काम. पाडस अडकलं असं समजून मादी धावत यायची आणि त्याच आवाजावर कधी बिबट्याही. साहेब मचाणावर बसलेला असायचा. पुढे शिकारीला बंदी आली, कंपनी उठली आणि मामा आमच्या शाळेची घंटा देऊ लागले. तीही इतकी हळू, की मागच्या वर्गाला सुट्टी झाल्याचं कळायचंच नाही. मुख्याध्यापक रागावले, तर मामा म्हणाले, "जोरात देल्ली का सगळे धावत येते ना, सर."

एकदा मी विचारलं, मेलेली जनावरं स्वप्नात येतात का? ते म्हणाले, "मेली ते मेली. जे वाचली, तिचं वाटते."

साहेबाला बिबट्याच हवा होता, म्हणून एका मादीवर त्यानं बंदूक उचलली नाही. ती झुडपं हुंगत फिरत राहिली. शिकारी निघाले, तर जीपपर्यंत मागे आली.

"अजून शोधून राहिली असन. बोलवाचा आवाज मले येते, बाई. माघारी पाठवाचा येत नाही."

लेकरू सापडलं की आई हळूच काहीतरी म्हणत असणार, असा त्यांचा हिशेब होता. तेवढं एकदा कानावर पडलं, की ते पानावर बसवता येईल. आमच्यासोबत ते त्याचसाठी यायचे. पाणवठ्याजवळ कानामागे हात धरून बसायचे. जेवायला हाक मारली, तर आम्हालाच गप्प करायचे.

त्या रविवारी पाणवठा रिकामा होता. सरांनी घरी सराव केलाय, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी पान ओठांत धरलं आणि असा बारीक टाहो निघाला, की चित्रकलेच्या बाईंनी माझा दंड घट्ट पकडला.

"काहून वाजवलं गा?" सरांना मामा कधी असं बोलले नव्हते.

तोवर मादी समोर आली होती. मामा उठून सरळ उघड्यावर गेले.

"जाय वं माय. नाही हाये तुहं लेकरू इथं. मीच होतो तो. जाय."

माणूस दिसताच चितळ उधळतं. ही उधळली नाही. मामांना वळसा घालून त्यांच्या मघाच्या जागेवरची जमीन हुंगू लागली. आम्ही सामान उचललं आणि निघालो. गाडीवाटेपर्यंत मागे पाचोळा वाजत होता. कोणी वळून बघितलं नाही.

त्यानंतर मामा जंगलात आले नाहीत. त्याच वर्षी रिटायर होऊन मौद्याजवळच्या आपल्या गावी गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांना अगदीच कमी ऐकू येत होतं. मला बसायला सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "आला का कानावर?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग जात राहा, बाई. मले तं आता होत नाही."

मामा गेले. आम्ही अजून जातो. सर दुर्बीण आणत नाहीत, डोळे मिटून बसतात. माद्या येतात, पाडसं मागेमागे येतात, पाणी पितात, निघून जातात. हरवलेलं लेकरू सापडल्यावर आई काय म्हणते, ते ऐकायचं बाकी आहे.